दिवेलागणीच्या आत

११ जाने. ८६, शनिवार

काल अवस. फाट्याच्या वळणावर जीप परत गडग्याला घासली. डावा मडगार्ड चेपला. मागे चार पाशिंजरं होती, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, देवाची कृपा. उतरून पाहिलं तर गडगा जागच्या जागी, एक चिरा हललेला नाही. माझ्या आजोबांच्या आधीपासून तो तिथंच आहे, तो कशाला हलतोय.

लोकांना सांगितलं, हेडलाइट मंद झालेत. लष्कराच्या लिलावातली गाडी, दिवे तेव्हाचेच. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

सौ.ने मडगार्डवरून हात फिरवला आणि आत गेली. चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

१३ जाने., सोम.

चि. शालू आली. पहिलं बाळंतपण माहेरी, रीतच आहे. जावईबापू गुहागर स्टँडपर्यंत आले आणि उलट्या गाडीने मुंबईला गेले, रजा नाही म्हणाले. सातवा संपलाय. चेहरा बरा आहे पण पाय सुजलेत. सौ.ने पाहिले, नुसतं "हं" केलं.

गुहागरात मासे घेऊया म्हणत होती. नको म्हटलं, उशीर होईल. दिवेलागणीच्या आत घरी पोचलो.

१५ जाने., बुध.

शालूला आरोग्य केंद्रात नेलं. सिस्टरनी प्रेशर दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजतात तेव्हाच समजावं. म्हणाल्या, कळा सुरू झाल्या की इथे आणायचं नाही, घरी सुईण बोलावायची नाही, सरळ चिपळूण. मी विचारलं, रात्र असली तर? त्या खिडकीतून जीपकडे बघत म्हणाल्या, "तुमची स्वतःची गाडी आहे, तुम्हाला कसली काळजी."

गावात दुसरी गाडी नाही. एसटी संध्याकाळनंतर नाही. आमच्या घरात सगळ्यांच्या कळा रात्रीच्याच. शालू स्वतः पहाटेच्या काळोखात झाली.

जेवण गेलं नाही.

१६ जाने., गुरु.

हुसेनभाई रजेवर आलाय. बंदरावरच्या मोहल्ल्यातला, मुंबईच्या गोदीत आम्ही एकाच वर्कशॉपात वायरमन होतो. तो पुढे शारजाला गेला, मी साठवलेल्या पैशांत जीप घेऊन गावी आलो. त्याला सांगून ठेवलं होतं की एखादा हॅलोजन दिवा मिळाला तर आण. त्याने जोडी आणली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. किंमत विचारली तर रागावला, म्हणाला शालू काय माझी कुणी नाही?

दिवे हातात घेतले. जड. काच अशी की तोंड दिसतं. बऱ्याच दिवसांनी जीव जरा खाली बसला. एवढा उजेड असल्यावर काय बिशाद आहे गडग्याची.

१९ जाने., रवि.

बंपरला अँगल बसवला, भोकं पाडली. रबराचे वायसर घातले, नाहीतर आमच्या रस्त्याला दिवे दोन दिवसांत मान टाकतील. बॅटरीवरून वेगळी जाड वायर, मध्ये फ्यूज, आणि हॉर्नचा जुना रिले. स्विचमधून थेट करंट नेणारे महाभाग आहेत, त्यांचे स्विच जळतात आणि मग दिव्याला शिव्या देतात. अर्थिंगसाठी बॉडीचा रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं. खारी हवा कुठेही शिरते, प्रत्येक टोकाला ग्रीस.

काम सुरू झालं की रात्रीचा विचार येत नाही. हात रिकामा झाला की येतो.

दिवे अजून लावून बघितलेले नाहीत. आधी देवीला विचारायचं, मग. नवी विहीर असो, नवी होडी असो, गावाचा रिवाज आहे.

२१ जाने., मंगळ.

देवळात गेलो. बाळू गुरवाने पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या. काय विचारायचं ते सांग म्हणाला. मी सांगितलं, गाडीला नवे दिवे लावतोय, लेकीला रातीअपरात्री न्यावं लागेल, दिवे लाभू देत. त्याने गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकरानं गाडीला दिवं लावल्यान हायत, त्याच्या वाटंतला काळोख दूर कर, म्हाराजा." आम्ही दोघांनी व्हय म्हाराजा म्हटलं. बसतो न बसतो तोच उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार. बाळू म्हणाला, इतक्या लवकर ती सहसा कौल देत नाही.

नारळ वाढवला. सौ. देवळाच्या पायरीवर उभी होती. तिने हात जोडले पण आत आली नाही.

२२ जाने., बुध.

काल संध्याकाळी दिवे लावले. हुसेनभाई शेजारी बसला होता. वाडीतून खाली फाट्यापर्यंत गेलो आणि आलो.

समोर लख्ख. रस्त्यातला खडा न् खडा दिसतो. पण बाजूला काही नाही. उजेड पसरतच नाही, सुरळी करून टाकल्यासारखा सरळ जातो. मी म्हटलं, भाई, लेन्स चुकीची दिली तुला दुकानदाराने, हा लांबचा मारा आहे. तो म्हणाला, "काय बोलतोस, खळ्याएवढा पडलाय की उजेड." मी म्हटलं, तुला गाडी चालवायची नाही म्हणून तुला तसं वाटतं.

तो खाली उतरला. मीही.

२५ जाने., शनि.

सगळं परत सोडलं. बॅटरीवर मीटर लावला, मग दिव्याच्या टोकाला लावला. मध्ये काही गळत नाही. जोड सगळे घट्ट. दिवसा शाळेच्या भिंतीसमोर गाडी लावून खडूने खुणा केल्या, दिव्यांची तोंडं किंचित बाहेर वळवली. आता पसरायला हवा.

जेवायला मुशीचं काळीज. परवाही तेच होतं. मी म्हटलं, बंदरावर दुसरं काही येत नाही काय? सौ. म्हणाली, स्वस्त मिळाली. शालूला वास सोसत नाही, ती मागच्या पडवीत जाऊन जेवली. लेकीसाठी करायचं तर बांगडा करावा. बायकांचं काही कळत नाही.

१ फेब्रु., शनि.

फरक नाही.

चिपळूणहून अजून एक जोडी आणली, पिवळ्या काचेची, रुंद मारा असलेली. बसवली. आता चार दिवे झाले. सगळे एकदम लावले की अँपिअरचा काटा डिस्चार्जकडे झुकतो, डायनॅमोला झेपत नाही. चढावर गाडी हळू असली तर बॅटरी खाली जाणार. म्हणजे लावायचे कधी, विझवायचे कधी, हाही एक घोर. रात्री झोपेत मी बटणं दाबत असतो असं सौ. म्हणते.

तिने जुन्या छत्रीच्या कापडाची चार कव्हरं शिवली, खाली नाडी. दिव्यांना टोपरी घातल्यासारखी दिसतात. शालू हसली. म्हणाली, बाळाआधी ह्यांचंच बारसं करा.

परत मुशी.

१३ फेब्रु., गुरु.

आज हेदवीला माघी चतुर्थी, दशभुजाला गर्दी. सकाळपासून फेऱ्या मारल्या. संध्याकाळी कीर्तन संपल्यावर वाडीतली माणसं परत आणायची होती, दर वर्षी मीच आणतो. ऊन उतरायला लागलं. मी सांगून टाकलं, डायनॅमो गडबड करतोय, आत्ता येणार त्यांना नेतो, बाकीच्यांनी चालत या.

बाळू गुरव सगळ्यांसमोर म्हणाला, "चार चार दिवं लावल्यान हायत, नि दिवेलागनीला कोंबडीसारका खुराड्यात." हशा पिकला. मीही हसलो.

माणसं झावळांच्या चुडी पेटवून चालत आली. त्यांचे आवाज अंगणापर्यंत येत होते, मी ओटीवर बसून ऐकत होतो. बाहेर जाऊन बघितलं नाही. बघून काय दिसणार होतं.

हे वाक्य मी काय लिहून गेलो.

१५ फेब्रु., शनि.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

हुसेनभाई सोमवारी शारजाला चालला. जायच्या आधी येऊन म्हणाला, चल, एकदा तुझी तक्रार मिटवू. सूर्य नुकताच बुडाला होता. गाडी माळावर नेली, चारही दिवे लावले. तो उतरून पुढे गेला आणि म्हणाला, मी चालतो, तुला दिसेनासा झालो की हॉर्न मार.

समोर होता तोवर दिसला. मग बाजूला दोन पावलं सरकला असेल, गेला. मी हॉर्न मारला. मग तो परत समोर आला, मग दुसऱ्या बाजूने गेला. परत हॉर्न मारला.

तो येऊन खिडकीशी उभा राहिला. मग म्हणाला, "भाऊ, दोन्ही खेपेला मी उजेडातच होतो. माझी सावली पडत होती."

मी म्हटलं, लेन्स. तो म्हणाला, लेन्स चांगली हाय.

गाडी त्याने चालवत घरी आणली. मी शेजारी बसलो, स्वतःच्या गाडीत.

१६ फेब्रु., रवि.

वायरमनला एकच गोष्ट शिकवतात. फॉल्ट शोधताना एकेक भाग चांगला आहे म्हणून बाजूला काढत जा, शेवटी उरेल तो फॉल्ट. बॅटरी चांगली. वायर चांगली. रिले, फ्यूज, अर्थिंग, बल्ब, लेन्स, सगळं चांगलं.

देवीलाही मी दिव्यांचंच विचारलं. तिने दिव्यांचं बरोबर सांगितलं. डोळ्यांचं विचारलं कुणी होतं?

भीती वाटते. सरळ लिहितो, फार भीती वाटते.

१८ फेब्रु., मंगळ.

सारखे बाबा आठवतायत. दिवेलागण झाली की ओटीवरचा खांब धरून बसायचे. कुणी बोलावलं तरी उठायचे नाहीत. आम्ही पोरं म्हणायचो, बाबा भुतांना भितात. आई ताट तिथंच आणून द्यायची आणि त्यांचा हात धरून भातावर ठेवायची. आम्हाला वाटायचं लाड चाललेत.

२२ फेब्रु., शनि.

तिन्हीसांजेला सौ.ने चहाचा कप पुढे केला. मी घ्यायला गेलो आणि हात कपाच्या बाजूने हवेत गेला. तिने कप माझ्या हातात दिला, बोटं कानाभोवती वळवून. आई करायची तसं.

मी विचारलं, कधीपासून ठाऊक आहे?

म्हणाली, गणपतीपासून. आरतीचं ताट मी शेजाऱ्याच्या पोटात मारलं होतं म्हणे. बंदरावरच्या कोळणीने तिला सांगितलं की रातांधळ्याला मुशीचं काळीज घालायचं, तिच्या सासऱ्याला त्याने गुण आला होता. म्हणून महिनाभर मुशी. मी वर तिला नावं ठेवत होतो.

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस, देवळातसुद्धा आत आली नाहीस. तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "तुमी दिव्यांचं इचारलंत, सोपं व्हतं. मी काय इचारनार व्हते? नि डावी पडली असती तर?"

मी रडलो. या वयात. शालू आत झोपली होती, बरं झालं.

२७ फेब्रु., गुरु.

सकाळच्या एसटीने चिपळूणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. थेंब घातले, बॅटरी मारून बराच वेळ बघितलं. चष्मा लिहून दिला नाही. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा म्हणाले. मुशीचं विचारलं तर म्हणाले खा, नुकसान नाही. घरात कुणाला होतं का? वडिलांना. मुलं किती? एक मुलगी.

त्यांनी ते लिहून घेतलं. का विचारलंत, ते विचारायचं धाडस झालं नाही.

रात्री गाडी चालवायची नाही म्हणाले. मी मान हलवली. दिवसा? दिवसा सध्या चालेल.

थेंबांमुळे परत येताना सगळं पांढरं दिसत होतं. समुद्र तर बघवतच नव्हता.

२ मार्च, रवि.

सौ.ने मार्ग काढलाय. तिची मावसबहीण चिपळुणात राहते. शालूला आधीच तिथे नेऊन ठेवायचं, दिवसाउजेडी. सिस्टरच्या हिशेबाने अजून वेळ आहे. पुढचा रविवार ठरला.

शालू ऐकेना. म्हणते, परक्या घरी बाळंतपण करायचं तर माहेरी आले कशाला, लोक काय म्हणतील, आईबापांनी पहिल्या खेपेलाच बाहेर काढलं. तिचंही खरं आहे. मी म्हटलं, डायनॅमोचा भरवसा नाही. ती म्हणाली, "बाबा, वायरमन ना तुम्ही? दुरुस्त करा."

खरं सांगायला तोंड उघडलं. मग डॉक्टरांनी मुलं किती विचारलं ते आठवलं. तिला तरी सध्या हे ओझं कशाला. सौ. म्हणते, सांगायला हवं. मी म्हटलं, बाळंत होऊ दे, मग सांगू.

शेवटी सौ.च तिला घेऊन बसली, काय सांगितलं कोण जाणे, रविवारी जायला तयार झाली. रुसून, पण तयार.

५ मार्च, बुध.

गाडी धुतली. ऑइल बदललं. टायरांत हवा. सकाळी लवकर निघायचं, दुपारच्या जेवणाला चिपळूण. वळणं मनात मोजून ठेवली, जणू मीच पहिल्यांदा जाणार आहे.

आज बरं वाटतंय. दिव्यांची कव्हरंही धुऊन वाळत घातली. दिवे आता नुसते शोभेचे. असू देत.

७ मार्च, शुक्र.

शालूला कळा सुरू झाल्या.

दुपारी जेवून पडली होती, उठली ती कंबर धरूनच. सौ. म्हणाली थांबून बघू, खोट्या असतील. खोट्या नाहीत. शृंगारतळीच्या ट्रकवाल्याकडे माणूस धाडला होता, तो घाटावर गेलाय, उद्या येणार. हुसेनभाई शारजाला. शेवटची एसटी गेली.

पेटी, कपडे, पाण्याचा तांब्या गाडीत ठेवतायत. मागे गादी घातली. शेजारच्या काकू शालूला धरून बसणार. मी मध्येच येऊन हे लिहितोय कारण हात फार हलतोय, स्टेअरिंग धरायच्या आधी तो थांबायला हवा. लिहिताना थोडा थांबतो.

ऊन अंगणातून निघून गोठ्याच्या कौलांवर चढलंय. गुहागर उजेडात गाठू. त्याच्या पुढचं सगळं अंधारात.

सौ.ने चारही कव्हरं काढली, घडी करून कमरेला खोचली. ती पुढे बसणार आहे. लग्न झाल्यापासून कधी पुढे बसलेली नाही, बरं दिसत नाही म्हणून. मी तिला म्हटलं, देवळावरून जाताना थांबून विचारूया काय. तर म्हणाली, "आता कुनाला इचारायचं नाय. मी उजवी म्हनलं का उजवी घ्यायची, डावी म्हनलं का डावी. थांबा म्हनलं का थांबायचं, मग समोर तुमाला काय दिसलं नाय तरी."

स्टार्टर मारून आलो. पहिल्या झटक्यात लागली. चारही दिवे एकदा लावून बघितले, सगळे पेटतात.

शालू गाडीतून सांगतेय. कळ ओसरलीय बहुतेक, आवाज बरा आहे. म्हणतेय, बाबा, एवढी घाई करू नका, हळूच चला, आपल्याकडे चार दिवे आहेत की.